सुरतेच्या तिकिटावर खापर

आमच्या नानांच्या मते जगात दोनच प्रकारची गावं होती. एक, जिथे आपल्या ओळखीचं माणूस राहतं ती. आणि दुसरी, जिथे राहत नाही ती. दुसऱ्या प्रकारच्या गावात डोंगर असो, देऊळ असो नाहीतर राजवाडा, ते गाव असून नसल्यासारखंच, कारण तिथे उतरायचं कुठे? लॉज हा शब्द नाना ज्या आवाजात उच्चारत, त्या आवाजात बाकीचे लोक दारूचा गुत्ता म्हणत. ते म्हसावदच्या शाळेत मास्तर होते आणि गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. मुलांना भूगोल शिकवताना ते भिंतीवरचा नकाशा वापरत, पण घरचा भूगोल त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या एका गाठोड्यात बांधून ठेवला होता. पत्रिकेवर पत्ता असतो, आणि ज्याने आपल्याला लग्नाला बोलावलं तो आपल्याला चार दिवस ठेवून घ्यायला नाही म्हणत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. माझा मुलगा हल्ली पुण्यात बसून फोनवर सुट्टीचा बेत आखतो, आणि कुठे राहायचं ते अनोळखी माणसांनी दिलेल्या चांदण्या मोजून ठरवतो. नानांना हे दिसलं असतं तर त्यांनी त्याला ओणवा उभा केला असता.

शाळेला सुट्टी लागली की उन्हं कलल्यावर अंगणातल्या निंबाखाली पाणी शिंपडलं जायचं, दोन खाटा पडायच्या आणि नाना गाठोडं सोडायचे. हे आमचं सहलीचं पहिलं आणि बहुतेक वेळा शेवटचं ठिकाण. मी आणि धाकटी सुमी एका खाटेवर पाय हलवत बसायचो. माय जरा पलीकडे, चुलीच्या बाजूला, परातीत हात घालून बसलेली असायची. चीक शिजत असायचा, कुरडयांचा सोऱ्या करकरत असायचा, वाळत घातलेल्या बिबड्यांवरून, म्हणजे ज्वारीच्या पापडांवरून, सुमी कावळे हाकायची, आणि नाना एकेक पत्रिका वर धरून वाचायचे. बेत आखण्यात मायचा वाटा एका प्रश्नाचा. "किती जनं शेतस? तेवढ्या दशम्या करसू." एवढं विचारून ती पुन्हा कामाला लागायची. तिला कुठे जायचं आहे हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. चुलीला कोणी विचारतं का, तुला कुठे जायचंय म्हणून?

असे किती बेत त्या निंबाखाली जन्मले आणि तिथेच निजले. तोरणमाळ तर आमच्या डोक्यावरच, उत्तरेला सातपुडा दिसायचा तोच. पण तिथला नानांच्या ओळखीचा वनरक्षक आम्ही निघायच्या आठवडाभर आधी बदलून गेला, आणि ओळखीचा माणूस गेल्यावर तिथल्या तलावात आणि थंड हवेत काही राम उरला नाही. उज्जैनचे पोस्टमास्तर निवृत्त होऊन गावी परतले. सापुताऱ्याच्या एका गृहस्थांनी कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत "या कधीतरी" म्हटलं होतं. जेवताना माणूस असं काहीही बोलतो. नानांनी ते मनावर घेतलं आणि त्यांना कार्ड टाकलं. उत्तर आलं की, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, आम्हीच तुमच्याकडे येत आहोत. ते आले, सहकुटुंब, आणि नऊ दिवस राहिले. मायने नऊ दिवस शेवभाजी केली. जाताना त्या बाई म्हणाल्या की म्हसावदला सापुताऱ्याइतकं थंड नाही, पण जेवण चांगलं असतं.

आता टोपीची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मायचं माहेर खापर, अक्कलकुव्याच्या पुढे, गुजरातच्या अंगाला. तिथे तिचा एकुलता एक भाऊ, माझा दगामामा, किराणा दुकान चालवायचा. त्याच्या मुलीच्या लग्नात आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मानाच्या माणसांना टोपी-टावेल द्यायचा होता. लाउडस्पीकरवर नानांचं नाव पुकारलं गेलं. नाना उठले, मानाच्या खाटेवर जाऊन बसले, कपाळी कुंकू लागलं, खांद्यावर टावेल पडला आणि टोप्या संपल्या. मामा "आलोच" म्हणून आत गेला. तेवढ्यात वरात दारात आली, बँड वाजायला लागला आणि मुलीच्या बापाला कोणी कुठे ओढलं, कोणी कुठे. नाना त्या खाटेवर उघड्या डोक्याने, खांद्यावर टावेल घेऊन, पंगती उठेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्हाला घेऊन निघाले, आणि घरी पोचल्यावर मामाला निरोप धाडला की टोपीशिवाय तुमचा उंबरठा आम्ही चढणार नाही, आणि तुम्हीही आमचा चढू नका. टावेल त्यांनी वापरला नाही, फेकलाही नाही. पुरावा म्हणून पेटीत ठेवला.

आता यात मायचं काय गेलं, असं शहरातला माणूस विचारील. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. पंचांगात तिला अक्षय तृतीया म्हणतात. आखाजीला सासरी नांदणारी लेक माहेरी जाते, झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसते, आंब्याचा रस आणि मातीच्या खापरावर भाजलेली पुरणपोळी खाते आणि चार दिवस कोणाची सून नसते. पण ती आपली आपण उठून जात नाही. माहेरहून कोणीतरी न्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात, बोलताना मुराई. मायचा मुराळी म्हणजे दगामामा, आणि त्याला तर आमचा उंबरठा बंद. नाना म्हणायचे, "मी काय तुले बांधी ठेयेल नही. मुराई ऊ दे, तू जाय." बोलायला किती सोपं! सहा वर्षं झाली. दर आखाजीच्या आधी गल्लीतल्या बायका एकेक करून निघायच्या, कोणाचा भाऊ यायचा, कोणाचा पुतण्या, आणि माय पिठाचा हात तसाच धरून दारात उभी राहून स्टँडकडून येणारा रस्ता बघायची. विचारलं तर म्हणायची, दूधवाला आला का ते बघते. दूधवाला सकाळीच येऊन गेलेला असायचा.

आणि नाना स्वतः? नाना दर वर्षी सारंगखेड्याला जाऊन आपल्या मोठ्या बहिणीला, माझ्या आत्याला, वाजतगाजत आणायचे. तिला आम्ही फुई म्हणायचो. फुई विधवा होती, उंच, हाडापेराची, आणि आवाज असा की बैलसुद्धा थांबून ऐकावा. मुराळी म्हणून जाताना नाना धुतलेला सदरा घालायचे, डोक्याला टोपी, आणि परत येताना फुईची पिशवी स्वतः उचलायचे. बहिणीच्या बाबतीत रीत मोडलेली त्यांना खपत नसे. फुई घरात आली की चार दिवस हुकूम सोडायची, मायच्या हातचं खायची, आणि जाताना दर वर्षी एकदा नानांकडे आणि एकदा मायकडे बघून गप्प बसायची. ती गप्प बसते हीच मोठी गोष्ट होती, पण ते मला तेव्हा कळत नव्हतं. मला तेव्हा एकच गोष्ट कळत होती, ती म्हणजे समुद्र. आठवीच्या परीक्षेत मी "मी पाहिलेला समुद्र" हा निबंध लिहिला होता, न पाहता. तपासला नानांनीच. खाली लाल शाईत लिहिलं, वर्णन चांगले, पण भरती-ओहोटी राहिली.

त्या वर्षी निंबाखाली गाठोडं सुटलं तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचं तेज होतं. सुरतेला त्यांचा चुलतभाऊ छगनकाका कापडाच्या कारखान्यात होता. "यंदा आखाजीच सुरतले करानी," नानांनी जाहीर केलं. म्हणजे रस त्यांचा, पुरणपोळी त्यांची, आणि वर डुमसचा समुद्र फुकट. आपण न्यायचं काय, तर एक पोतडं मिरची. नंदुरबारची मिरची दिली की यजमान वर्षभर तुमचं नाव काढतो, डोळ्यांतून पाणी काढून का होईना, पण काढतो. समुद्र म्हटल्यावर मी खाटेवरून उडालेच. फुईला त्या वर्षी नानांनी चार दिवस आधीच आणलं होतं. तिने सुपारी कातरता कातरता विचारलं, "आखाजीले पित्तरस्नी घागर भरतस. आपला पित्तर काय सुरतले येतीन का?"

"पित्तरस्ले काय तिकीट लागस का, जिजी?" नाना म्हणाले.

छगनकाकाला आधी कळवायचं नाही, हेही ठरलं. सापुताऱ्याने नानांना शहाणं केलं होतं. कार्ड टाकलं की समोरचा सावध होतो. दारात जाऊन उभं राहिलं की माणूस काही बोलू शकत नाही. जायचंही लाल गाडीने, शहाद्याहून सुटणाऱ्या सुरत गाडीने. नंदुरबारहून रेल्वे होती, सरळ आणि आरामाची, पण रेल्वेत नानांच्या ओळखीचं कोणी नव्हतं. या गाडीवर लोटन कंडक्टर होता, नानांचा जुना विद्यार्थी, ज्याला त्यांनी पाढे चुकले म्हणून पुष्कळ मारलं होतं. तो जागा धरणार होता. तेव्हा परातीवरून मान वर करून मायने पहिल्यांदाच दुसरा प्रश्न विचारला. "ती गाडी अक्कलकुवावरथीन जास का?"

"हां. का वं?"

"काही नही," माय म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. फुईचा अडकित्ता थांबला. तिने मायकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग सुपारी तोंडात टाकली.

आखाजीच्या आदल्या दिवशी फुईसकट आम्ही निघालो. मायने बांधलेलं सामान पाहून नाना खूश झाले. कुरडया, शेवया, बिबडे, आंब्याचं नवं लोणचं. सुरतच्या जावेसाठी एवढं करते म्हणजे बायकोलाही बेत पसंत आहे, असं त्यांनी धरलं. लोटनने खरंच जागा धरल्या होत्या. "गुरुजी, या, खिडकी तुमनी!" असं ओरडून त्याने एका म्हाताऱ्याला उठवलंसुद्धा. मिरचीचं पोतडं सीटखाली सरकवलं. गाडी हलली तशी पोतड्यातून झुळूक उठायला लागली, आणि तळोद्यापर्यंत अर्धी गाडी शिंकत होती. एक बाई म्हणाली, कोनी मेलानी काय भरेल शे खाले? नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. उन्हाने पत्रा तापला होता, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हातोहात फिरत होती, सुमी माझ्या मांडीवर झोपली होती, आणि मी डोळे मिटून समुद्राची तयारी करत होते. अक्कलकुवा गेलं. माय तोवर पाठ टेकून बसली होती, ती सरळ झाली. पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बाहेर बघत राहिली. मला वाटलं तिला गाडी लागतेय.

खापरच्या स्टँडवर गाडी थांबली. लोटन ओरडला, दहा मिनिटं, चहापाणी. फुई उठली, वरच्या फळीवरून तिने मायची कापडी पिशवी खेचली आणि म्हणाली, "ऊठ वं. तुन्हं गाव उनं."

"कोठे चालनी, जिजी?" नाना म्हणाले.

"हिले माहेर सोडाले. आखाजी शे उद्या."

"मुराई उना नही आन माहेर कसं?"

"मुराई मी शे."

गाडीतल्या शिंका थांबल्या. नाना अर्धे उठले आणि लगेच बसले, कारण बाहेर उभी असलेली माणसं रिकाम्या जागेवर टपलेली होती. "बाईमानूस कव्हय मुराई ऱ्हास का?" ते म्हणाले.

"आजपावत नव्हतं. आते शे."

"आन तिकीट? सुरतपावतनं काढेल शे!"

"मंग तू जा ना," फुई म्हणाली. "तिकीट वाया नको जावाले."

इथे माझ्या वडिलांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर ओरडला असता, हाताला धरून बसवलं असतं. नानांना तसं कधी जमलं नाही. त्यांच्या मनात त्या क्षणी एका बाजूला मान होता आणि दुसऱ्या बाजूला काढलेलं तिकीट, आणि दोन्ही सोडवत नव्हतं. माय तोवर दारापर्यंत पोचलीही होती. तिने नानांकडे पाहिलं. परवानगी मागायला नव्हे. सांगायला, मी उतरतेय म्हणून. फुई माझ्याकडे वळली. "तू वं रंजू? लवकर सांग, तो घंटी वाजाडी ऱ्हायना."

मी काय सांगू? सुरत तीन-चार तासांवर होती, समुद्र तिच्या जरा पुढे. त्या समुद्रावर मी निबंध लिहिला होता, त्याची स्वप्नं पाहिली होती, भरती-ओहोटी पाठ केली होती. मला खूप राग आला, मायचा, फुईचा, खापर गाव वाटेत वसवणाऱ्याचा. पण खिडकीतून मला माय दिसली. खाली स्टँडवर, पायाशी पिशवी, आणि नजर गावाकडे. तिच्या पाठीवरून मला कळलं की मी उतरले नाही तरी ती परत वर चढणार नाही. मी सुमीचं डोकं नानांच्या मांडीवर ठेवलं आणि उतरले. गाडी निघाली तेव्हा खिडकीत नानांचा चेहरा होता, तोंड उघडं, आणि खाली मिरची. सुमी झोपेतच शिंकली असावी. एवढं मला आठवतं.

स्टँडपासून मामाचं दुकान पाच मिनिटांवर. माय पुढे, आम्ही मागे. ती घरी कधी इतकी भरभर चालायची नाही. मामा ओट्यावर बसून कोणाला तरी साबण देत होता. बहीण दिसली आणि त्याने हातातला साबण दिलाच नाही, नुसता धरून उभा राहिला. "ताई, तू? एकली?"

"मी काय दिखत नही का?" फुई म्हणाली. "मुराई शे मी. पानी दे आधी."

"पाव्हना कोठे शेतस?"

"सुरतले गया. हवा खावाले." मग फुईने पिशवीतून टावेल काढला. सहा वर्षं पेटीतला, घडीच्या रेघा पिवळ्या पडलेला, आणि तो मायने कधी पेटीतून काढून कुरडयांखाली ठेवला हे नानांना काय, मलाही माहीत नव्हतं. फुईने तो मामासमोर ओट्यावर पसरला. "हाऊ देख. सहा वरीसफाईन एकला शे. याना जोडीदार काढ."

मामाने मान खाली घातली. आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. टोपी होती, पांढरी, कोरी, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. "दुसरा रोजच लयेल व्हती," तो म्हणाला. "द्याले निंघनू व्हतू, तं गुरुजीस्ना निरोप उना, उंबरठा चढू नका. मंग मी बी म्हनं, ऱ्हाऊ द्या." म्हणजे सहा वर्षं मानाचा अर्धा भाग एका पेटीत म्हसावदला होता आणि अर्धा भाग दुसऱ्या पेटीत खापरला. दोन्ही घरांनी आपापला अर्धा जिवापाड जपला होता, आणि मधल्या रस्त्यावर रोज चार गाड्या जात-येत होत्या. माय रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने भावाला विचारलं, "चीक शिजाडा का रे वहिनीनी, का अजून बाकी शे?" आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आखाजी. मामाच्या घरामागे मोठी चिंच होती, तिला दोर टाकले होते, आणि गल्लीतल्या सगळ्या लेकी जमल्या होत्या. आमच्यासारख्या पोरी, नव्या लग्नाच्या, आणि मायसारख्या पोक्त बायका. मायची पाळी आली. तिने कासोटा खोचला, फळीवर उभी राहिली, बसली नाही, उभी राहिली, आणि गुडघे मोडून झोका चढवायला लागली. आधी हळू, मग फांदी करकरायला लागेपर्यंत. तिचा पदर सुटला, केस सुटले, आणि ती हसायला लागली, मोठ्याने, तोंड उघडून. मी तेरा वर्षं त्या बाईच्या घरात राहत होते आणि तिला असं हसता येतं हे मला माहीत नव्हतं. मला आनंद झाला आणि लगेच फार वाईट वाटलं. हे हसणं ती घरी का आणत नाही, असं मनात आलं, आणि उत्तर सापडायला पुढे स्वतःचं लग्न व्हावं लागलं. आज माझे गुडघे दुखतात आणि मी झोक्यावर बसते तेव्हा नात ढकलते. पण डोळे मिटले की ती चिंच करकरलेली मला ऐकू येते.

दुपारी ताटं वाढायच्या सुमाराला नाना आले. खांद्यावर मिरचीचं पोतडं, मागे सुमी, दोघांचे डोळे लाल. ओट्याच्या खाली, उन्हात, उंबरठ्यापासून चार हात दूर ते उभे राहिले. त्यांचाच निरोप त्यांना आडवा आला होता. "सुरतमा लई गरम व्हतं," ते म्हणाले.

"कुलूप व्हतं!" सुमी ओरडली. शेजारच्या गुजराती बाईंची नक्कलही तिने करून दाखवली. छगनभाई तो ससराने त्यां गया छे, आखातीज छे ने! खानदेशातून सुरतेला गेला म्हणून छगनकाका काही वेगळा झाला नव्हता. आखाजीला त्याची बायको माहेरी गेली होती, आणि रस-पोळीसाठी मागोमाग तोही. जगातल्या प्रत्येक खानदेशी बाईला आखाजीला माहेर असतं, ही एवढीच गोष्ट नानांच्या बेतातून निसटली होती. दोघांनी रात्र छगनकाकाच्या ओट्यावर काढली आणि खाल्लं काय तर गाडीवरचा लोचो, म्हणजे वाफवलेलं डाळीचं पीठ, आणि मायने दिलेल्या उरलेल्या दशम्या. समुद्र पाहिलाच नाही. डुमसला नानांच्या ओळखीचं कोणी नव्हतं.

मामा वर ओट्यावर, नाना खाली. मामा एक पायरी उतरला आणि थांबला. नानांनी पोतडं खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. फुई दारात कमरेवर हात देऊन उभी होती, पण या वेळी तिने तोंड उघडलं नाही. आतून माय आली. हाताला पुरण लागलेलं होतं ते तिने पदराला पुसलं, खुंटीवरची टोपी घेतली, भावाच्या शेजारून खाली उतरली आणि ती नानांच्या हातात दिली. "घाला डोकामा," ती म्हणाली. "ऊन लागी ऱ्हायनं."

नानांनी टोपी घातली. सहा वर्षांत त्यांचं डोकं वाढलं होतं की टोपी आटली होती कोण जाणे, ती टाळूवर कशीबशी टेकली. पण त्यांनी ती काढली नाही. मामाने पोतडं घेतलं. उंबरठा ओलांडताना नाना एवढंच म्हणाले, "मिरची चांगली शे, दगा." मग ते जेवायला बसले आणि मी त्यांच्या वाट्या मोजायला गेले नाही, पण मामी तिसऱ्यांदा रसाची वाटी भरायला आत गेलेली मी पाहिली.

परतताना गाडीवर पुन्हा लोटनच होता. "काय गुरुजी, कशी वाटनी सुरत?" त्याने विचारलं. नानांनी टोपी जरा दाबून बसवली. "सुरत ठीक शे," ते म्हणाले, "पन माले इचारशी तं खापर बेस. आन स्वस्त बी." पुढे गावात त्यांनी ही सहल स्वतः आखल्यासारखी सांगितली, खापरला उतरायचं तर आधीच ठरलं होतं म्हणे. फुई ऐकत होती, सुपारी कातरत होती. मायही ऐकत होती. दोघींनी त्यांना ते सांगू दिलं.

पुढच्या वर्षी आखाजीच्या महिनाभर आधीच मामाचं कार्ड आलं, मुराळी म्हणून येतो आहे. तेव्हा माहेराचा प्रश्न मिटलेला होता, आणि उरलेल्या सुट्टीसाठी नानांनी निंबाखाली गाठोडं सोडलं. दोन-चार पत्रिका चाळल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, गाठोड्यावर हात ठेवून ते परातीच्या दिशेने वळले आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "तुले कोठे जावानं शे वं?"

मायने शेवया वळणं थांबवलं नाही. "समुद्र देखाना शे," ती म्हणाली. मी चमकून पाहिलं. तापीच्या पुराहून मोठं पाणी तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि समुद्राचं नावही कधी काढलं नव्हतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गये सालले रंजू मन्हासाठे उतरनी. पोरना समुद्र राही गया."

नानांनी एक पत्रिका उचलली आणि परत ठेवली. मग सवयीने गाठोड्याकडे बघून म्हणाले, "पन समुद्रवर आपला वळखीना कोन शे?"

"मी शे ना," माय म्हणाली.